प्रयागाची नखं

माघ वद्य नवमी, फसली १३३८

प्रिय गहिनीनाथ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र भादव्यात आलं आणि त्याचं उत्तर मी आता माघात लिहायला बसलो आहे. एवढ्या उशिराबद्दल बापाने लेकाची माफी मागायची अशी तुमच्या हैदराबादेची रीत असेल तर मागतो. मी आजारी नव्हतो. शाई घरात होती, कागदही होता. मला राग आला होता म्हणून लिहिलं नाही. तो अजून गेलेला नाही, पण आता लिहिल्यावाचून भागत नाही. पंतोजींच्या ओसरीवर माझी दोनच वर्षं गेली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि पत्र शेवटपर्यंत वाच. तुझी सवय मला माहीत आहे, वरच्या चार ओळी वाचायच्या आणि घडी घालून ठेवायची. यात एका बाईचा संसार अडकला आहे. होळी झाली की तिच्या नवऱ्याची दुसरी सुपारी फुटणार आहे. एकवीस दिवस राहिले, त्यातले चार-पाच तर हे पत्र तुझ्यापर्यंत पोचण्यातच जातील.

आधी रागाचं सांगतो, म्हणजे मन मोकळं होईल. तू लिहिलंस की दर माणसामागे नखं काढायची नराणी उकळत्या पाण्यात घालून काढा, नाहीतर चुलीच्या जाळावर धरा, एकाच्या नखातली बुरशी हत्याराबरोबर दुसऱ्याच्या नखात जाते. वर लिहिलंस, बाबा, हात जोडून सांगतो. तू सहा वर्षं दवाखान्यात बाटल्या भरतोस. मी चाळीस वर्षं न्हाव्याचं काम करतो. ती नराणी माझ्या आज्याच्या धोकटीतली आहे. या गावात जन्मलेल्या प्रत्येकाची नखं तिने काढली आहेत, तुझीसुद्धा. आणि तू मला सांगतोस की तुमचं हत्यार घाण आहे. शिवी दिली असतीस तर मी चार दिवसांत विसरलो असतो. हात जोडलेस, ते मला सहा महिने खुपतंय.

दुसरा राग तुझ्या आईचा. तिने मला न विचारता तेलगावच्या बाजारात कापसाच्या गाडीवाल्याला गाठलं आणि त्याच्याबरोबर तुला निरोप धाडला, की एका बाईची नखं किडली आहेत, औषध असेल तर पाठव. घरात मी बसलेलो. गावच्या न्हाव्याच्या बायकोने नखाचं औषध परमुलखातून मागवायचं. तू डबी पाठवलीस, पत्र पाठवलंस, आणि ती बाई कोण एवढं विचारलंही नाहीस.

ती बाई म्हणजे प्रयागा. सुंदररावाची सून, बंकटची बायको. तीन वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा तू आला नव्हतास. हसरी पोरगी, कामाला वाघीण. हळदीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे तुझ्या आईने तिची नखं काढली. तिच्या नराणीची धार गेली होती म्हणून माझी नेली. नखं काढून झाल्यावर नवरीने न्हाविणीच्या पाया पडायचं असतं. पुष्कळ जणी नुसती मान हलवतात, ही खरंच वाकली. तुझी आई ते घरी येऊन दोन वेळा सांगत होती.

लग्नानंतर दीड वर्षाने तिला लेकरू झालं, आणि त्याच सुमाराला उजव्या हाताच्या तीन बोटांची नखं बिघडली. आधी शेंड्याला पिवळी पडली, मग जाड झाली, मग मांसापासून सुटून वर आली. खालून खडूसारखा भुगा पडायचा. सुंदररावाच्या घरी बारा म्हशी, सगळा दिवस हात पाण्यात आणि शेणात. पण तिकडे कोण बघतो. सासूने, दगडाबाईने, आधी तिला भाकरी थापायची बंद केली. मग तिचं ताट वेगळं झालं. मग विहिरीवरच्या बायका हळू आवाजात रगतपितीचं नाव घ्यायला लागल्या. महारोग म्हणायलासुद्धा भितात, म्हणून रगतपिती म्हणायचं.

जेठात सुंदररावाने मला बोलावणं धाडलं. मी गेलो. पोरीला दारात बसवलं होतं, डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. सुंदरराव म्हणाला, "आश्रुबा, साऱ्या गावाची नखं तुज्या हाताखालून जात्यात. बघ बे, काय हाय ह्ये." बंकट खांबाला टेकून उभा होता. बापासमोर त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. मी तिचा हात उजेडात धरला, उलटासुलटा करून बघितला. नंतर म्हणालो, "मालक, म्या काय वैद्य न्हाई. पर लक्षण बरं दिसत न्हाई." एवढंच. त्याहून एक शब्द जास्त बोललो नाही. त्या माणसाने ते वाक्य घेऊन शिक्क्याच्या कागदासारखं गावभर फिरवलं. न्हावी म्हणाला, न्हाव्याने बघितलं. आषाढ लागायच्या आत पोरीला माहेरी पोचवली. लेकरू अकरा महिन्यांचं, अंगावर पीत होतं, ते दगडाबाईने ठेवून घेतलं. बाईला गाडीत बसवली तेव्हा तिच्या चोळीचा पुढा ओला झाला होता, असं तुझी आई सांगते. मी बघायला गेलो नव्हतो. माहेर दोन कोसांवर, आईबाप नाहीत. भावाने घरात घेतलं नाही, मळ्याच्या बांधाला खोप घालून दिली.

तुझं पत्र आलं ते यानंतर. तुझ्या आईला वाचता येत नाही, म्हणून मला वाचून दाखवावं लागलं. ओळीखाली बोट फिरवत वाचायची माझी सवय. वाचून झालं तशी ती म्हणाली, "बोट दोन वळी खाली गेलं, तोंड मातर चाललं न्हाई. काय गिळलंत तुमी?" मी म्हणालो, औषधांची इंग्रजी नावं आहेत, मला येत नाहीत. तिने मलमाची डबी उचलून लुगड्याच्या ओच्यात टाकली.

त्या दोन ओळी काय होत्या ते तुला ठाऊक आहे, तूच लिहिल्या आहेस. महारोगात चामडीची जाण जाते, सुई टोचली तरी माणसाला कळत नाही. नखाच्या बुरशीत जाण शाबूत असते. टोचून बघा म्हणजे कळेल, असं तू लिहिलंस. मी त्या तुझ्या आईला वाचून दाखवल्या नाहीत, कारण ते मी जेठातच करून बसलो होतो. सुंदररावाच्या दारात तिचा हात धरला तेव्हा नराणीचं टोक मी तिच्या बोटाला, नखाच्या कडेला, हळूच लावलं होतं. तिने हात झटकन मागे ओढला. पदराआडून "आई गं" म्हणाली. सुंदररावाला वाटलं पोर लाजली. मी शाळा शिकलो नाही, पण चाळीस वर्षांत दोन खरे महारोगी माझ्या हाताखालून गेले आहेत. एकाच्या टाचेत काटा मोडलेला होता आणि त्याला पत्ता नव्हता. प्रयागाला महारोग नाही हे मला तिथेच कळलं होतं. कळून मी ते वाक्य बोललो.

आता तुला राग येईल. येऊ दे. माझा तुझ्यावर आहे, तुझा माझ्यावर असू दे, दोघांचा मिळून सुंदररावावर असू दे. पण वाचणं थांबवू नकोस.

तुझी आई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, एवढंच. दर बाजाराच्या दिवशी ती तेलगावला जाते म्हणून निघायची आणि मधूनच वाट सोडून त्या खोपीकडे जायची. तू लिहिल्याप्रमाणे कोमट पाण्यात सोडा टाकून पोरीची बोटं भिजवायची, मऊ झालेलं नख कानशीने घासायचं, भुगा निखाऱ्यावर जाळायचा, हात कोरडा करून मलम चोळायचं. बाकीचे दिवस पोरीने स्वतः करायचं. मलम झोंबतं, वास तर असा की बकऱ्या लांब जातात. पोरगी म्हणाली म्हणे, "मामी, ह्या वासानं आधी बुरशी मरंल का म्या?" दोघी हसल्या. ज्या बाईचं लेकरू काढून घेतलं आहे ती हसते कशी, हे मला समजत नाही. एकदा तिने विचारलं, "आश्रुमामा कावून येत न्हाईत? माज्यावर राग हाय का त्यांचा?" तुझ्या आईने मला हे दोन महिन्यांनी सांगितलं, चुलीकडे तोंड करून.

दिवाळीनंतर नखाच्या मुळाशी नवं नख दिसायला लागलं, गुलाबी, पातळ, निरोगी माणसासारखंच. तू लिहिलं होतंस की औषध किडलेलं नख बरं करत नाही, ते मुळापासून चांगलं नख येईपर्यंत राखण करतं, आणि हाताला सहा महिने, पायाला वर्ष लागतं. तसंच झालं. संक्रांतीपर्यंत अर्धं नख नवं आलं. आज तिन्ही बोटांवर शेंड्याला तांदळाएवढं पिवळं उरलं आहे. महारोग गेल्याचं मी आजवर ऐकलं नाही, हे तर निघून चाललं. गावातल्या कोणी जाऊन ते हात बघितले असते तर सगळं मिटलं असतं. तुझी आई दगडाबाईकडे गेली आणि म्हणाली, चला, बघून या. दगडाबाई म्हणाली, "न्हावीण कदीपासून डाक्टरीण झाली?" आणि सुंदररावाने नारायणगडाची शपथ घेऊन सांगितलं की माहेरी धाडली ती धाडली, बंकटसाठी दुसरी बघितली आहे, होळी झाली की सुपारी फोडतो.

ते ऐकल्यावर मी तुझ्या आईला म्हणालो की गहिनीनाथला लिहितो, त्याच्या डॉक्टर हबीबसाहेबांचा शिक्क्याचा कागद मागवतो, उर्दूत. सुंदररावाला उर्दू कळत नाही, म्हणून तर तो तिला भितो. तुझ्या आईने भाकरी तव्यावर टाकली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलली. म्हणाली, "कागद कशाला पायजे? अंगठा हाय की तुमचा."

गहिनीनाथ, माझ्या डाव्या अंगठ्याला चिंधी असते. तू लहान होतास तेव्हा विचारायचास आणि मी सांगायचो, नराणी लागली. चौदा वर्षं झाली, नराणी काही रोज लागत नाही. आत प्रयागासारखंच नख आहे. पिवळं, जाड, खडूचा भुगा पडणारं. मोठ्या नखुरड्यानंतर असं झालं असेल असं मी माझीच समजूत घालत होतो. हळद लावली, कडुनिंब बांधला, एकदा मोरचूद लावून आठ दिवस तळमळलो. गेलं नाही, वाढलंही नाही. दुखत नाही, पण दाखवता येत नाही. माझा हात रोज माणसांच्या तोंडावर फिरतो. नवरदेवाच्या गालावर, बाळाच्या जावळावर, मयताच्या लेकाच्या डोक्यावर. न्हाव्याचं बोट किडलंय असं एकाने म्हटलं की संपलं. म्हणून जेठात सुंदररावाच्या दारात मी गप्प राहिलो. मी जर म्हणालो असतो की मालक, हे काही नाही, हे नुसतं नखाचं दुखणं आहे, तर त्याने विचारलं असतं, "तुला कसं ठाव बे?" मग मी काय सांगणार होतो? त्या एका प्रश्नाला भिऊन मी पोरीचं लेकरू तोडलं. बाकीचं सगळं जे मी वर लिहिलं, तुझे जोडलेले हात, तुझ्या आईचा निरोप, माझ्या आज्याची नराणी, तो राग खरा आहे, पण पहिला राग माझा माझ्यावरच आहे.

तुझी आई तसं बोलली आणि मी ठरवलं. गेल्या सोमवारी चावडीवर मंडळी बसली होती. मी गेलो. दहा-बारा जण असतील, सुंदरराव मध्ये. मी सगळ्यांसमोर चिंधी सोडली. चौदा वर्षांत मी सोडून दुसऱ्या पुरुषाने तो अंगठा पाहिला नव्हता. मी म्हणालो, हे बघा, प्रयागाला जे आहे ते मला चौदा वर्षं आहे. माझं बोट झडलं नाही, चामडी बधिर नाही, ही सुई घ्या आणि टोचा. पोरीला महारोग नाही. जेठात मी खोटं बोललो. माझीच नराणी तिला लागली असेल. मला वाटत होतं की एवढं बोलल्यावर छाती हलकी होईल आणि माणसं मान खाली घालतील.

मंडळी वाकून माझ्या अंगठ्याकडे बघायला लागली. मग सुंदरराव शांतपणे म्हणाला, "म्हंजी चौदा साल महारोग्यानं आमची दाढी केली." बबनराव माळी गाल चोळत उठला आणि म्हणाला, "आन म्या कालच केली की बे." एक जण हसला, पण तो एकटाच हसला. बाकीचे आपापले हात बघायला लागले. मी सुई पुढे केली, कोणी घेईना. शेवटी मीच ती माझ्या अंगठ्यात खुपसली, रक्त आलं, मी ओरडलो. सुंदरराव म्हणाला, "वरडायला काय, कुनीबी वरडतं." लाज टाकून खरं बोललो त्याचं हे फळ. पोरगी सुटली नाही, वर मीही अडकलो. आता गावात दोन महारोगी झाले, एक खोपीतली आणि एक न्हावी.

तेव्हापासून मला कोणी बोलावलं नाही. विहिरीवर तुझ्या आईला थांबवलं जातं, बाकीच्यांचं भरून झाल्यावर भर म्हणतात. गावातला प्रत्येक माणूस उजेडात बसून आपली नखं बघतो आहे. ज्या-ज्या बायकांच्या नखाला डाग आहे त्यांनी हातांना मेंदी लावली आहे, सण नाही, वार नाही. धोंडीराम सुतार तर आयुष्यभर अनवाणी हिंडला, त्याने परवा वहाणा घेतल्या, पुढून झाकलेल्या. मला हसू यायला पाहिजे, येत नाही. कारण कोणाच्या वहाणेत काय आहे ते मला माहीत आहे. या गावात वीस-बावीस जणांची नखं अशी आहेत, कोणाची हाताची, पुष्कळांची पायाची. माझ्या बापाने धोकटी माझ्या खांद्यावर दिली तेव्हा एकच गोष्ट बजावली होती, माणसाच्या अंगावर जे दिसेल ते घराबाहेर बोलायचं नाही. कोणाच्या डोक्यात खरूज आहे, कोणाच्या पाठीवर चट्टा आहे, कोणाच्या अंगावर काय आहे. मी ते पाळलं. चावडीवर सुंदरराव मला महारोगी म्हणत होता तेव्हाही पाळलं.

सुंदररावाच्या उजव्या पायाचा अंगठा वीस वर्षांपासून किडलेला आहे. शिंगासारखा जाड, पिवळा, टोकाला वळलेला. दर पंधरा दिवसांनी तो मला खोलीत नेतो, दार लोटून घेतो आणि पाय माझ्या मांडीवर ठेवतो. दगडाबाईलासुद्धा दिसू नये म्हणून तो मोजा घालून झोपतो. हे नख काढताना जोर लागतो, म्हणून मी नराणी डाव्या अंगठ्याने दाबून धरतो. आता तू हिशोब लाव. त्याला वीस वर्षं, मला चौदा, प्रयागाला दीड. नराणी एकच. तूच लिहिलं आहेस की ते हत्याराबरोबर जातं. ज्या दुखण्यासाठी त्याने सून घराबाहेर काढली ते दुखणं त्याच्याच पायातून निघून, माझ्या हातातून, तिच्या बोटांत गेलं आहे. आणि जेठात दारात बसवून तिचा हात माझ्यापुढे धरला तेव्हा तो स्वतः मोज्यात उभा होता. त्याला ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला माझ्यासारखीच भीती वाटली असेल. पण मला त्याची कीव येत नाही. मी निदान चिंधी सोडली.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. या पत्रात तीन पुड्या शिवल्या आहेत, उघडताना जपून उघड, वाऱ्यावर धरू नकोस. लाल दोऱ्याची प्रयागाची आहे, तुझ्या आईने काल तिच्या नखाच्या उरलेल्या पिवळ्यातलं थोडं घासून आणलं. पांढऱ्या दोऱ्याची माझी. काळ्या दोऱ्याची सुंदररावाची, ती मी सोमवारी सकाळी त्याच्या खोलीत काढली, चावडीवर जाण्याआधी, कारण खरं बोलून भागेल याची माझी मलाच खात्री नव्हती. आपल्यात माणसाची काढलेली नखं न्हावी स्वतः पुरतो, करणी होऊ नये म्हणून, आणि ती जागा कोणाला दाखवत नाही. चाळीस वर्षांत एकाही माणसाचं नख मी शिवेबाहेर जाऊ दिलं नाही. आज पहिल्यांदा टपालात टाकतो आहे. तू लिहिलं होतंस की डॉक्टरसाहेब नखाचा भुगा खारात विरघळवून काचेच्या यंत्राखाली बघतात आणि बुरशी असेल तर सुतासारखी दिसते. तिन्ही पुड्या तशाच बघायला सांग, आणि तीन वेगळे कागद उर्दूत लिहून, शिक्का मारून पाठव. नावं लिहू नका, दोऱ्याचा रंग लिहा. मी चावडीवर जाणार नाही. मी सुंदररावाच्या खोलीत जाईन, दार लोटून घेईन, आणि तिन्ही कागद त्याच्यापुढे ठेवीन. एकतर तिघंही महारोगी, नाहीतर तिघांतला कोणी नाही. त्याने प्रयागाला आणि तिच्या लेकराला एका घरात आणलं तर काळ्या दोऱ्याचा कागद मी त्याच्यासमोर चुलीत घालीन आणि मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. नाही आणलं तर काय करीन ते मला अजून माहीत नाही, माझ्या बापाचा शब्द आणि त्या पोरीचं लेकरू यांच्यात मला निवडावं लागेल, आणि मी भित्रा आहे हे तू आता वाचलंच आहेस. मलमाच्या दोन डब्या पाठव, एक मोठी. नराणी मी उकळायला लागलो आहे, हे तुला लिहायचं नव्हतं. कागद फाल्गुन शुद्ध दशमीच्या आत निघाले पाहिजेत, टपालाचा भरवसा नसेल तर कोणाच्या हाती दे, तेही नसेल तर स्वतः ये. नाही जमलं तरी नाही असं कळव, पण लवकर कळव, मी रोज तेलगावला टपालासाठी चालत जातो आहे.

तुझाच बाप,
आश्रुबा